भांडं सांगस

निकाल आला तेव्हा मी आबांच्या दुकानात बसलो होतो. सोनगीरला महामार्गाच्या कडेनं तांब्या-पितळेच्या भांड्यांची दुकानं आहेत, त्यांतलं एक आमचं. मे महिन्याची दुपार. बाहेर मांडलेल्या घागरींनी इतकं ऊन पिऊन ठेवलं होतं की हात लावायची सोय नव्हती. गिऱ्हाईक नव्हतं. शिरपूरकडे जाणारे ट्रक एकामागून एक जात होते आणि प्रत्येक ट्रकबरोबर फळीवरची ताटं हलकी किणकिणत होती. तेवढ्यात फोन थरथरला. विद्यापीठाची पीडीएफ होती. शैक्षणिक तंत्रज्ञान, पदव्युत्तर पदवी, प्रथम श्रेणी. चव्वेचाळिसाव्या वर्षी, दोन मुलं दहावी-बारावीत असताना, बाप पास झाला होता.

फोन आबांपुढे धरला. त्यांनी चष्मा चढवला, लांबच्या नातेवाइकाच्या लग्नाची पत्रिका बघावी तसं ते गुणपत्रक बघितलं आणि म्हणाले, "बरं व्हयनं." मग थोडं थांबून, "दोन वरीस काय शिकना रे भाऊ?"

"शिकवण्याचं तंत्रज्ञान."

"म्हंजे टीव्ही कसा लावाना ते?"

मला हसू आलं, पण उत्तर सुचेना. शाळेत, केंद्रावर, सोयऱ्यांमध्ये दोन वर्षं हाच प्रश्न वेगवेगळ्या शब्दांत ऐकला होता आणि दर वेळी मी काहीतरी भारदस्त बोलून निभावून नेलं होतं. आबांपुढे भारदस्त बोलता येत नाही. चाळीस वर्षं हातोडा चालवलेला माणूस आहे. त्यांना वस्तू दाखवावी लागते.

मी धुळे तालुक्यातल्या एका द्विशिक्षकी शाळेत आहे. पहिली-दुसरी मॅडमकडे, तिसरी-चौथी माझ्याकडे. परिपाठ, पोषण आहाराचं रजिस्टर, शाळा व्यवस्थापन समितीची सभा, आणि उरलेल्या वेळात शिकवणं. या वयात पुन्हा विद्यार्थी होण्याची हौस मला नव्हती. ती लागली 2020 साली, मार्चमध्ये शाळांना कुलपं लागली तेव्हा. 'शाळा बंद, पण शिक्षण आहे' अशी घोषणा आली. मीही उत्साहानं 'इयत्ता तिसरी' नावाचा व्हॉट्सॲप गट काढला. पटावर एकतीस मुलं, गटात चौदा नंबर. बाकीच्या घरांत साधा फोन होता, किंवा फोनच नव्हता. चौदांपैकी काही फोन सकाळी बापाच्या खिशातून शेतात जात आणि अंधार पडल्यावर परत येत. एका मुलीनं दिलेला नंबर सुरतेच्या मामाचा निघाला. मी रात्री जागून हातच्याच्या वजाबाकीचा व्हिडिओ बनवला, वहीवर बोट ठेवून, शेजारचं कुत्रं भुंकायचं थांबेपर्यंत पुन्हा पुन्हा. सकाळी बघितलं तर फक्त मामानं उत्तर पाठवलं होतं. अंगठा. माझ्या त्या पहिल्या ऑनलाइन तासाला जो एकमेव विद्यार्थी हजर होता, तो सुरतेच्या लूमवर काम करणारा होता आणि त्याला वजाबाकी येत होती.

त्या अंगठ्यानं मला अस्वस्थ केलं. व्हिडिओ वाईट नव्हता. तो कुणाला दिसला, दिसला असेल तर काय समजलं, यातलं मला काहीच कळायची वाट नव्हती. वर्गात मी मुलाच्या कपाळावरच्या आठीवरून ओळखतो की हे गेलं डोक्यावरून. इथे कपाळच नव्हतं.

हा विषय शिकायला मुंबईत जागा आहेत. जुहूला एसएनडीटी महिला विद्यापीठात शैक्षणिक तंत्रज्ञानाचा विभाग आहे, पवईच्या आयआयटीत या विषयात पीएच.डी. होते. पण नोकरी, दुकान, म्हातारे आईवडील सोडून मुंबईला जाणं शक्य नव्हतं. म्हणून दूरशिक्षणाचा रस्ता धरला. पुस्तकांचं पार्सल आलं तेव्हा जाणवलं की टपालानं पुस्तक पाठवून माणसाला घरी शिकवणं हेही शैक्षणिक तंत्रज्ञानच की. पुस्तकं इंग्रजीत. रात्री जेवणं झाली की ओसरीवर पंख्याखाली बसायचं, एका हाताशी शब्दकोश, दुसऱ्या हाताशी पाण्याचा तांब्या. उन्हाळ्यात वीज गेली की फोनच्या उजेडात. मोठी मुलगी बारावीचं वाचायची, मी माझं. ती मधूनच विचारायची, "पप्पा, तुमचं किती राहिलं?" आणि आम्ही दोघं सारखंच खोटं बोलायचो.

पहिल्याच भागात या विषयाचा इतिहास होता आणि तो वाचताना मला आमच्या शिक्षण परिषदांची आठवण यायला लागली. 1913 साली एडिसननं जाहीर केलं होतं की आता सिनेमा आला, शाळेतली पुस्तकं लवकरच कालबाह्य होतील, दहा वर्षांत शाळा पार बदलून जाईल. मग रेडिओ आला, त्याच्याबद्दल तेच बोललं गेलं. मग टीव्ही. आपल्याकडे 1975 च्या ऑगस्टपासून वर्षभर 'साइट' नावाचा प्रयोग झाला. अमेरिकेच्या उपग्रहावरून सहा राज्यांतल्या चोवीसशे खेड्यांत दूरचित्रवाणीचे कार्यक्रम पोचवले गेले. त्या सहांत महाराष्ट्र नव्हता. आपल्याकडे 1984 साली पुण्यात बालचित्रवाणी उभी राहिली. तिचं नाव निघालं की माझ्या पिढीचे लोक अजून गाण्याची चाल गुणगुणतात. मीही शेजाऱ्यांच्या दारात उभा राहून ते कार्यक्रम बघितलेत. ती राज्याची शैक्षणिक तंत्रज्ञान संस्था होती हे मला पुस्तकात वाचून कळलं. 2017 मध्ये ती बंद झाली. त्याच वर्षी केंद्र सरकारचं 'दीक्षा' हे ऑनलाइन व्यासपीठ सुरू झालं आणि बालभारतीच्या पुस्तकांत क्यूआर कोडचे काळे चौकोन दिसायला लागले. तीन वर्षांनी, पुस्तकांत क्यूआर कोड वापरणाऱ्या परितेवाडीच्या रणजितसिंह डिसले गुरुजींना ग्लोबल टीचर पुरस्कार मिळाला तेव्हा त्या चौकोनांची गोष्ट जगभर गेली आणि आम्हा जिल्हा परिषदेच्या शिक्षकांची मान थोडी ताठ झाली.

या यादीत एक गोष्ट मला सलत राहिली. सिनेमा, रेडिओ, उपग्रह, टीव्ही, ॲप. शंभर वर्षांत यंत्रं बदलली, पण प्रत्येकाचं तोंड मुलांकडे होतं. कुणीतरी कुठेतरी बोलतंय आणि पुष्कळ मुलं गप्प बसून बघताहेत. माझा तो रात्री जागून केलेला व्हिडिओ याच रांगेतला, सगळ्यात शेवटचा.

इतिहास वाचताना एक शरमही वाट्याला आली. आमच्या केंद्राच्या शिक्षण परिषदेत मी एकदा एक स्लाइड दाखवली होती. त्रिकोणी सुळका, त्यावर टक्के. वाचलेलं दहा टक्के लक्षात राहतं, ऐकलेलं वीस, पाहिलेलं तीस, असं करत करत केलेलं नव्वद. खाली नाव एडगर डेल. टाळ्या मिळाल्या होत्या. अभ्यासात कळलं की डेलनं 1946 साली अनुभवांचा शंकू मांडला हे खरं, पण त्यात एकही टक्का नव्हता. हे गोल गोल आकडे नंतर कुणीतरी चिकटवले आणि जगभरच्या प्रशिक्षणांतून ते फिरत राहिले. माझ्यासारख्या हजारो लोकांनी ते न विचारता पुढे ढकलले. पुढच्या परिषदेत मी उभं राहून सांगितलं की मागची स्लाइड चुकीची होती. टाळ्या मिळाल्या नाहीत. चहा मात्र एकानं आणून दिला.

दुसऱ्या वर्षी एक वाद वाचायला होता आणि त्यातला ट्रक थेट आमच्या दुकानासमोरून गेल्यासारखा वाटला. 1983 साली रिचर्ड क्लार्क नावाच्या अमेरिकी संशोधकानं ठामपणे लिहिलं की माध्यम ही फक्त ने-आण करणारी गाडी आहे. किराणा कोणत्या ट्रकमधून आला यानं खाणाऱ्याचं पोषण बदलत नाही, तसंच धडा टीव्हीवरून आला की फळ्यावरून, यानं शिकणं बदलत नाही. बदलतं ते शिकवण्याच्या पद्धतीनं. त्याला रॉबर्ट कोझ्मानं उत्तर दिलं की असं नसतं, प्रत्येक माध्यमाच्या अंगी काही गुण असतात आणि त्यांचा उपयोग केला तर शिकणं वेगळं होतं. वाद वर्षानुवर्षं चालला. आम्हाला त्यावर निबंध लिहायचा होता: तुम्ही कोणाच्या बाजूचे?

मी दुकानात बसून ट्रक मोजत विचार करत होतो. क्लार्कचं पटत होतं. सुरतेच्या मामाचा अंगठा त्याच्याच बाजूनं होता. पण समोर फळीवर पितळेची पातेली होती आणि ती मला स्वस्थ बसू देईनात.

लहानपणी आमच्या अंगणात कल्हईची भट्टी लागायची. आबा भांडी घडवायचे, कल्हईला वर्षातून दोनदा एक म्हातारे चाचा येत. जमिनीत खड्डा, त्यात कोळसा, बाजूला भाता. भाता ओढायचं काम मुलांचं, त्यासाठी आमच्यात मारामाऱ्या व्हायच्या. चाचा सांडशीत पातेलं धरून विस्तवावर फिरवायचे. ते तापून रंग बदलायला लागलं की कथलाची कांडी आत नुसती टेकवायचे. कथील पाण्यासारखं पाघळायचं. मग नवसागराची चिमूट. पांढरा धूर भसकन वर यायचा, नाकात झोंबायचा, आणि त्या धुरातच चाचांचा कापसाचा बोळा पातेल्याच्या आत एक फेरी मारायचा. धूर विरला की आत चांदी. मग पाण्यात, चर्र. मोजून काही क्षणांचा खेळ, पण हात चुकला तर कथील एकाच जागी साचायचं आणि बाकी पितळ उघडं राहायचं.

उघडं पितळ काय करतं हे खानदेशातल्या कोणत्याही आजीला विचारा. त्यात ताक ठेवलं तर कळकतं. दूध तेच, विरजण तेच, हात तोच, पण संध्याकाळपर्यंत ते हिरवट होऊन तोंडात धरवत नाही. म्हणजे भांडं नुसतं वाहून नेत नाही. ते आतल्या पदार्थाशी काहीतरी करत असतं. आणि कल्हई केलेल्या त्याच भांड्यात तेच ताक गोड राहतं. दोन्हीत फरक असतो तो कागदाहूनही पातळ अशा थराचा.

निबंधात मी हे लिहिलं. ट्रकच्या उत्तराला पातेलं दिलं. माझं म्हणणं असं होतं की क्लार्कचं किराणा मालापुरतं खरं आहे, तो बंद पोत्यात येतो. पण वर्गात धडा बंद पोत्यात राहत नाही. तो उघड्या भांड्यात ओतला जातो आणि भांड्याला लागतो. माध्यम मुलाला कधी गप्प करतं, कधी घाबरवतं, कधी आपल्याला समजलं असा भास देतं. मधला थर असेल तर ते पोसतं, नसेल तर कळकतं. गुण बरे मिळाले. तपासणाऱ्यांनी समासात एवढंच विचारलं होतं की हा मधला थर म्हणजे नेमकं काय?

त्या प्रश्नाचं उत्तर मला वजाबाकीनं दिलं, जिच्यापासून हे सगळं सुरू झालं होतं.

शाळा पुन्हा भरल्यावर एका टॅबवर गणिताचं ॲप चालवत होतो. तिसरीतली एक मुलगी 42 वजा 17 करत होती. तिनं 35 लिहिलं. टॅबनं लाल फुली दाखवली, एक रडका आवाज काढला आणि पुढचं गणित दिलं. 53 वजा 28. तिनं 35 लिहिलं. पुन्हा फुली, पुन्हा रडका आवाज. 61 वजा 34, उत्तर 33. ती अजिबात गोंधळलेली नव्हती. संथपणे, एका तालात, प्रत्येक गणित चुकवत होती. मी टॅब बाजूला केला आणि विचारलं, "कसं केलंस?" ती घरच्या बोलीत म्हणाली, "सर, सातमाईन दोन गयात, पाच ऱ्हायनात." मोठ्यातून लहान वजा करायचा, हा नियम मीच पहिल्या आठवड्यात सांगितला होता. तो तिनं माझ्यापेक्षा इमानानं पाळला होता. वरचा अंक आणि खालचा अंक असा भेद तिच्या लेखी नव्हताच.

योगायोग असा की त्याच महिन्यात आमच्या अभ्यासात 1978 सालचं एक काम आलं. जॉन सीली ब्राउन आणि रिचर्ड बर्टन या दोघांनी 'बगी' नावाचा संगणक कार्यक्रम बनवला होता. तो मुलांना शिकवायचा नाही. उलट तो स्वतः चुकणाऱ्या मुलाचं सोंग घ्यायचा, एकाच पद्धतीनं वजाबाकी चुकवत राहायचा आणि शिक्षकानं त्याची खोड ओळखायची. मुलं उगाच चुकत नाहीत, त्यांच्या चुकीला नियम असतो, आणि तो नियम सापडला तर चूक सुटते, हे त्यांना दाखवायचं होतं. मोठ्यातून लहान काढण्याची आमच्या मुलीची खोड त्यांच्या यादीत अगदी ठळक होती. धुळे तालुक्यातली अहिराणी बोलणारी पोरगी आणि अमेरिकेतली मुलं एकाच वळणावर चुकत होती.

त्या रात्री मला आबांच्या कामाची एक गोष्ट आठवली. मठारलेलं भांडं तयार झालं की आबा ते पाच बोटांच्या टोकांवर तोलून धरायचे आणि दुसऱ्या हाताच्या नखानं टिचकी मारायचे. सूर लांबत गेला तर भांडं बरं. सूर मध्येच तुटला तर कुठेतरी केसाएवढी चीर. मी नववीत असताना त्यांनी दोन घागरी पुढे ठेवल्या, म्हणाले यातली फुटकी कोणती. मी उजेडात नेऊन उलटीपालटी करून बघू लागलो. आबा म्हणाले, "डोया नको लावू, कान लाव. भांडं सोता सांगस." आयुष्यभर ठोके ऐकून त्यांचा डावा कान जवळजवळ गेला आहे. तांबटांच्या घरात हे नवीन नाही. तरी अजून ते चीर ओळखतात. मला वाटतं, उरलेलं ते बोटांच्या टोकांनी ऐकतात.

टॅबनं लाल फुली मारली ती डोळ्यांनी. उत्तर बघितलं, जुळलं नाही, संपलं. 'कसं केलंस?' हे त्यानं विचारलं नाही आणि विचारलं असतं तरी त्याला अहिराणी कळली नसती. समासातल्या प्रश्नाचं उत्तर मला तिथं मिळालं. मधला थर म्हणजे हा पाच अक्षरांचा प्रश्न आणि त्यानंतरची शांतता. त्याला खर्च नाही, पण कल्हईसारखाच तो उडतो. दर काही महिन्यांनी पुन्हा करावा लागतो. जूनमध्ये मी तो विचारतो, ऑक्टोबरपर्यंत घाई होते, चाचण्या येतात, आणि एक दिवस लक्षात येतं की आठवडाभर आपण फक्त फुल्या मारतो आहोत.

अमेरिकी मानसशास्त्रज्ञ स्किनर यांची गोष्टही मला यानंतर वेगळी दिसायला लागली. 1953 साली ते आपल्या मुलीच्या गणिताच्या वर्गात जाऊन बसले आणि त्यांना खटकलं की आपण बरोबर की चूक हे मुलांना लगेच कळतच नाही. त्यातून त्यांनी शिकवण्याचं यंत्र बनवलं, जे तत्काळ निकाल सांगे. एका बापाची ती तळमळ खरी होती. आमचा टॅब त्याच यंत्राचा नातू. पण त्या वर्गात बरोबर की चूक हे मुलांना कळत नव्हतं, तसंच मुलं काय विचार करताहेत हे शिक्षकालाही कळत नव्हतं. या दुसऱ्या बाजूचं यंत्र कुणी इतक्या घाईनं बनवलं नाही.

आमच्या जिल्ह्यात या दुसऱ्या बाजूचा एक फार मोठा दाखला आहे. तो अभ्यासक्रमात नव्हता. सोनगीरहून वीसेक किलोमीटरवर धुळ्याचं कारागृह आहे. 1932 साली तिथं विनोबा कैदेत होते. 21 फेब्रुवारीपासून 19 जूनपर्यंत अठरा रविवार ते गीतेवर मराठीत बोलले. ऐकणाऱ्यांत साने गुरुजी होते. अंमळनेरच्या प्रताप हायस्कुलात सहा वर्षं शिकवून, नोकरी सोडून चळवळीत आलेले. ध्वनिमुद्रण नव्हतं, लघुलेखक नव्हता. गुरुजींनी ती प्रवचनं ऐकता ऐकता उतरून घेतली आणि आज 'गीता प्रवचने' म्हणून ती घरोघर आहेत. मी त्या कारागृहावरून शेकडो वेळा एसटीनं गेलो असेन. आता जाताना मनात येतं की तासाचं मुद्रण करून ठेवणं म्हणून आम्ही जो धडा शिकलो, त्याचा खानदेशातला एक जुना नमुना या भिंतीआड झाला आणि तो बोलणाऱ्याइतकाच ऐकणाऱ्यानं घडवला. गुरुजींचा कान तसा नसता तर ते अठरा रविवार हवेत विरून गेले असते.

पदवीचा शेवटचा प्रकल्प करायचा होता तेव्हा मी प्रथम तोंडाचाच विचार केला. आमच्या शाळेत मोठा टीव्ही आहे. काही वर्षांपूर्वी मूळचे धुळ्याचे आणि न्यूयॉर्कमध्ये नोकरी करणारे हर्षल विभांडिक जिल्ह्यात गावोगाव सभा घेत फिरले. गावांनी लोकवर्गणी काढली, त्यांनी भर घातली आणि अकराशेच्या आसपास जिल्हा परिषद शाळा डिजिटल झाल्या. मजुरी करणाऱ्या माणसांनी शाळेच्या टीव्हीसाठी पन्नास-शंभर रुपये दिलेले मी डोळ्यांनी बघितले आहेत. त्या पैशांची किंमत मोठी आहे. पण वस्तू आली तरी वापराची सवय वर्गणीतून येत नाही. माझ्या वर्गातला टीव्ही पुष्कळ दिवस फुलाफुलांच्या कापडाखाली झाकलेला असायचा आणि पाहुणे आले की कापड निघायचं. घरी आईनं पितळेचे डबे फडताळाच्या वरच्या फळीवर असेच मांडले आहेत. दिवाळीला चिंच लावून घासायचे, पुन्हा वर. स्वयंपाक स्टीलमध्ये. कल्हईवाले चाचा गेले, त्यांच्या मुलानं दुसरा धंदा धरला, आणि भांडी शोभेची झाली. यात भांड्याचा दोष नाही. कल्हई करणारा हात गेला की कोणतंही भांडं फळीवरच जातं.

तर टीव्हीवर दाखवायला मी वजाबाकीची एक चित्रफीत बनवायला घेतली. रंगीत दशकांचे गठ्ठे, संगीत, सगळं. दोन रात्री गेल्या. मुलांनी टाळ्या वाजवून बघितली, तीनदा लावायला लावली, आणि त्यानंतर 42 वजा 17 दिल्यावर पाच जणांनी 35 लिहिलं. मला रडका आवाज काढावासा वाटला.

मग यंत्राचं तोंड फिरवून बघितलं. फोनचा रेकॉर्डर सुरू करून तो बाकावर ठेवला आणि मुलांना म्हटलं, आज तुम्ही सांगायचं, मी ऐकणार. उत्तर बरोबर की चूक हे मी बोलणार नाही. फक्त कसं केलं ते सांगा, आणि घरी बोलता तसं सांगा. पहिला दिवस खाकरण्यात आणि हसण्यात गेला. दुसऱ्या दिवशी एक मुलगा धिटाईनं बोलला, "सर, मी हातचा लिधा पन देवाले इसरी गऊ." हातचा घेतला, पण परत द्यायला विसरलो. वर्ग हसला, तोही हसला. पण मी वर्षभर फळ्यावर जे सांगत होतो ते त्यानं एका वाक्यात नेमकं पकडलं होतं, कारण घरात उसनी साखर आणून परत द्यायला विसरणं त्याला ठाऊक होतं. काही घरांत भिल्ली बोलतात. तिथली मुलं पुस्तकी मराठीत वर्षभर मूग गिळून बसलेली होती, ती हळूहळू बोलायला लागली. त्यांचं सगळं मला समजत नव्हतं. वर्गातलीच पोरं मला समजावून सांगायची.

रोज रात्री ओसरीवर मी ती मुद्रणं ऐकायचो. मागे गाडीचा भोंगा, कोंबडा, पोषण आहाराच्या ताटल्यांचा आवाज, आणि त्यातून एकेका पोराचं डोकं चालताना ऐकू यायचं. कुणी अडखळलं की तिथंच चीर. वही बघून ती मला कधी सापडली नव्हती. अहवालात मी तक्ते दिले, संदर्भ दिले, जे द्यायचं ते सगळं दिलं. पण सगळ्या मुलांची वजाबाकी सुटली असं काही झालं नाही. अजून दोघांची राहिली आहे. एवढंच की ती कुठं अडली आहे हे आता मला माहीत आहे.

त्या दुपारी दुकानात आबांना हे सगळं सांगणं कठीण होतं. क्लार्क, कोझ्मा, स्किनर हे दुकानातल्या गादीवर बसणारे लोक नव्हेत. टॅबवर 35 लिहिणाऱ्या त्या मुलीनं रेकॉर्डरपुढेही तेच सांगितलं होतं. मग मी फोनमधून तिचं ते मुद्रण शोधलं आणि फोन त्यांच्या उजव्या कानाशी धरला. बारीक आवाज आला. सर, सातमाईन दोन गयात, पाच ऱ्हायनात.

आबांनी डोळे मिटून ऐकलं. मग म्हणाले, "पोर बरोबर सांगी ऱ्हायनी."

"आबा, गणित चुकलंय तिचं."

"चुकनी," ते म्हणाले, "पन बरोबर सांगी ऱ्हायनी."

समोरून एक भरलेला ट्रक गेला आणि फळीवरची ताटं वाजून थांबली. आबांनी त्यांच्याकडे लक्ष दिलं नाही. त्यांनी माझा हात फोनसकट पुन्हा कानाशी ओढला.

"आखो एक डाव लाव."